धावण्यासाठीचे स्मार्ट घड्याळ : घ्यावे की न घ्यावे?

पावसाळा सरला की देशभर रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम सुरू होतो. दिल्लीतील अर्धमॅरेथॉन, कोलकात्यातील २५ किलोमीटरची शर्यत आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन यांच्या तयारीसाठी हजारो हौशी धावपटू पहाटे घराबाहेर पडतात. सरावाला दोन-तीन महिने झाले की त्यांतील अनेकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : खास धावपटूंसाठी बनवलेले स्मार्ट घड्याळ घ्यावे काय? भारतात अशा घड्याळांची किंमत साधारणतः पंधरा-वीस हजार रुपयांपासून सुरू होते आणि वरच्या श्रेणीत ती लाखाच्या घरात जाते. बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने हा खर्च किरकोळ नाही.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. मनगटावरील आकडे पाहून धावणारे आपला वेग ठरवतात, विश्रांती ठरवतात आणि कधी कधी छातीतले दुखणे गंभीर आहे की नाही, हेही ठरवू पाहतात. म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. हे घड्याळ प्रत्यक्षात काय मोजते, काय केवळ हिशेबाने काढते आणि कशाची त्याला मुळीच कल्पना नसते, हे समजले की निर्णय सोपा होतो.

प्रयोगशाळेतून मनगटावर

धावताना हृदयाचे ठोके मोजण्याची सोय एकेकाळी प्रयोगशाळेपुरतीच होती. फिनलंडमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या पोलार या कंपनीने ती खेळाडूंच्या हाती आणली. छातीभोवती बांधलेला पट्टा हृदयाचे विद्युत् संकेत टिपतो आणि बिनतारी पद्धतीने मनगटावरील घड्याळाकडे पाठवतो, ही रचना १९८०च्या दशकात रूढ झाली. अंतर मोजण्याची सोय त्यानंतर आली. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि सर्वसामान्यांसाठी ही प्रणाली खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. गार्मिन कंपनीची 'फोररनर' ही धावपटूंसाठीची मालिका २००३ मध्ये सुरू झाली. ॲपलने आपल्या घड्याळात जीपीएसचा समावेश २०१६ मध्ये केला.

आज बाजारात तीन प्रकारची घड्याळे दिसतात. पहिला प्रकार दोन-पाच हजार रुपयांच्या सर्वसाधारण स्मार्ट घड्याळांचा. दुसरा प्रकार फोनचा जोडीदार म्हणून वापरल्या जाणाऱ्या महागड्या घड्याळांचा. त्यांत संदेश, फोन व पैसे चुकते करण्याची सोय मुख्य असते आणि धावणे हे अनेक कामांपैकी एक काम असते. तिसरा प्रकार खास धावपटूंच्या घड्याळांचा. गार्मिन, कोरोस, पोलार, सुंटो या कंपन्या त्यासाठी ओळखल्या जातात. या प्रकारात बॅटरी अनेक दिवस टिकते, घामेजल्या बोटांनीही दाबता येतील अशी बटणे असतात, उन्हात पडदा वाचता येतो आणि सरावाचे टप्पे आधीच आखून ठेवता येतात.

अंतर कसे मोजले जाते

घड्याळ सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत टिपते आणि ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून स्वतःचे स्थान काढते. अशा स्थानांचे बिंदू जोडून अंतर मिळते. मोकळ्या आकाशाखाली ही चूक काही मीटरांपुरतीच असते. उंच इमारतींच्या गल्लीत, उड्डाणपुलाखाली किंवा दाट झाडीत मात्र संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यांचा मार्ग लांबतो आणि नकाशावरील रेषा रस्ता सोडून इमारतींतून गेलेली दिसते. वरच्या श्रेणीतील घड्याळे एकाच उपग्रहाचे दोन वारंवारितांवरील संकेत घेतात. त्यामुळे परावर्तित संकेत ओळखणे सोपे होते आणि शहरी भागातील चूक कमी होते. जो रोज मोकळ्या मैदानात किंवा समुद्रकिनारी धावतो, त्याला या सोयीचा फारसा लाभ नाही. दक्षिण मुंबईच्या किंवा गुरुग्रामच्या उंच इमारतींमध्ये धावणाऱ्याला तो स्पष्ट जाणवतो.

भारताच्या 'नाविक' प्रणालीतील नव्या पिढीचा पहिला उपग्रह २९ मे २०२३ रोजी अवकाशात सोडण्यात आला. घड्याळांसारख्या छोट्या उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एल-१ वारंवारितेची सोय या उपग्रहात आहे. तूर्तास जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ व बायडू यांपैकी एकाहून अधिक प्रणालींचे संकेत घेणारे घड्याळ धावपटूच्या गरजेला पुरेसे आहे.

खरेदीदाराची सर्वाधिक फसगत होते ती 'कनेक्टेड जीपीएस' या शब्दांमुळे. अशा घड्याळात स्वतःचा जीपीएस संच नसतो. ते खिशातील फोनचे स्थान उसने घेते. फोन घरी ठेवून धावले तर अंतर केवळ हातांच्या हालचालीवरून अंदाजाने काढले जाते. जाहिरातीत 'जीपीएस' एवढेच लिहिलेले असल्यास ते अंगभूत आहे की फोनवर अवलंबून आहे, हे विचारून घेणे आवश्यक आहे.

शर्यतीतील अंतराबाबत एक गैरसमज दर हंगामात आढळतो. मॅरेथॉन संपली तेव्हा घड्याळाने ४२.१९५ ऐवजी ४२.७ किलोमीटर दाखवले, म्हणजे आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला, अशी तक्रार होते. प्रमाणित मार्ग विशिष्ट यंत्र बसवलेल्या सायकलने, वळणांवरील जवळात जवळची वाट धरून मोजतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून त्यात दर किलोमीटरला एक मीटरची भर घालतात. धावपटू गर्दीतून वाट काढतो, वळणे बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो. शिवाय घड्याळाची स्वतःची चूक असतेच. साहजिकच त्याचे अंतर जास्त भरते.

याचा परिणाम शर्यतीच्या वेळेवर होतो. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करायची असेल तर दर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंद, असा वेग लागतो. घड्याळ ४२.७ किलोमीटर मोजणार असेल आणि धावपटू त्याच्या पडद्यावर ५ मिनिटे ४१ सेकंदच राखत राहिला, तर तो पावणेतीन मिनिटे उशिरा पोहोचतो. अनुभवी धावपटू म्हणूनच रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकांपाशी घड्याळातील एकूण वेळ पाहतात आणि पडद्यावरील वेगाला दुय्यम मानतात. फलक आणि साधे घड्याळ यांच्या आधारेही हे काम होते.

नाडीचा हिरवा प्रकाश

घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणाऱ्या प्रकाशातही तसाच चढउतार होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसलेले असताना किंवा एकसारख्या वेगाने धावताना ही पद्धत चांगली चालते.

ती अडखळते ती वेगाच्या चढउतारांत. चारशे मीटर जोरात धावून दोनशे मीटर चालण्याच्या सरावात हृदयाची गती झपाट्याने बदलते आणि मनगटावरील आकडा मागे राहतो. पट्टा सैल असेल तर घड्याळ प्रत्येक पावलाबरोबर हलते आणि कधी कधी पावलांचीच गती हृदयाची गती म्हणून दाखवते. सावकाश धावतानाही नाडी १७० दिसली आणि ती पावलांच्या संख्येशी जुळत असली, तर दोष बहुधा पट्ट्याचा असतो. थंडीत मनगटातील रक्तप्रवाह कमी होतो. गोंदणाची शाई प्रकाश अडवते. गडद त्वचेतील रंगद्रव्यही हिरव्या प्रकाशाचा काही भाग शोषते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर आणि धावताना किंचित घट्ट बांधले, तर यांतील काही त्रुटी कमी होतात.

ज्यांचा सराव हृदयगतीवरच आधारलेला आहे, त्यांच्यासाठी छातीचा पट्टा आजही अधिक भरवशाचा आहे. तो विद्युत् संकेत टिपत असल्याने बदल लगेच दाखवतो. काही हजार रुपयांत मिळणारा असा पट्टा थेट फोनलाही जोडता येतो. केवळ हृदयगतीसाठी महागडे घड्याळ घेऊ पाहणाऱ्याने हा पर्याय आधी तपासावा.

हिशेबाने काढलेले आकडे

वेळ, स्थान, नाडीचा प्रकाश, हाताची हालचाल आणि काही घड्याळांत हवेचा दाब, एवढ्याच गोष्टी घड्याळ प्रत्यक्ष टिपते. पडद्यावर दिसणारे बाकी बहुतेक आकडे या पाच गोष्टींवरून सूत्रांच्या साह्याने काढलेले अंदाज असतात. त्यांचा भरवसा सारखा नसतो.

हृदयगतीच्या पट्ट्यांपासूनच पाहता येईल. सोपा, मध्यम, कठीण असे हे पट्टे कमाल हृदयगतीच्या टक्केवारीवर आखले जातात आणि कमाल गती अनेकदा '२२० वजा वय' या सूत्राने धरली जाते. २००१ मध्ये मांडलेले दुसरे सूत्र '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' असे आहे. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिले सूत्र १६० ठोके सांगते, तर दुसरे १६६. दोन्ही सूत्रे मोठ्या समूहाची सरासरी सांगतात. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. एवढ्या फरकाने 'सोपा' पट्टा 'कठीण' ठरू शकतो. प्रत्यक्ष चाचणीतून किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मिळालेली आपली कमाल गती घड्याळात भरली नाही, तर पट्ट्यांचे रंग दिशाभूल करतात.

'व्हीओटू मॅक्स' म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता. प्रयोगशाळेत ती तोंडावर मुखवटा बांधून, श्वासातील वायू मोजून ठरवतात. घड्याळ ती वेग आणि नाडी यांच्या नात्यावरून काढते : त्याच नाडीत वेग वाढला तर क्षमता वाढली, असा तर्क त्यामागे असतो. त्यामुळे नाडी किंवा अंतर चुकले की हा आकडाही चुकतो. एकाच व्यक्तीच्या काही महिन्यांतील चढउताराची दिशा पाहण्यासाठी तो उपयोगी आहे. मित्राच्या आकड्याशी तुलना करण्यासाठी नाही.

सर्वांत कच्चा आकडा उष्मांकांचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरील सात उपकरणे तपासली. सातांपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट उपकरणाची चूक ९३ टक्के होती. तंत्रज्ञान त्यानंतर सुधारले आहे, परंतु मनगटावरून उष्मांक काढण्याची मूळ अडचण तीच आहे. घड्याळाने दाखवलेल्या ६०० उष्मांकांच्या हिशेबाने न्याहारी वाढवणाऱ्याचे वजन कमी न होण्याचे कारण यात सापडू शकते.

झोप, सावरण्याचा कालावधी, ताण यांचे गुणही असेच अंदाज आहेत. झोप किती तास झाली, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगते. ती गाढ होती की स्वप्नांची, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. कारण झोपेच्या अवस्था ठरवण्यासाठी मेंदूतील विद्युत् लहरी मोजाव्या लागतात. परिपूर्ण झोपेचे गुण मिळवण्याच्या ध्यासाने झोपच बिघडणाऱ्या रुग्णांचे वर्णन डॉक्टरांनी २०१७ मध्ये केले आणि त्या अवस्थेला 'ऑर्थोसॉम्निया' असे नाव दिले. ज्यांचा स्वभाव मुळात चिंताग्रस्त आहे, त्यांनी या सोयी बंद ठेवलेल्या बऱ्या.

उष्मा, घाट आणि हवा

आकड्यांचा अर्थ लावताना स्थानिक परिस्थिती लक्षात घ्यावीच लागते. उष्ण व दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि तोच वेग राखण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. मुंबई, चेन्नई किंवा पणजीत एप्रिल-मे महिन्यांत धावणाऱ्याची नाडी जानेवारीपेक्षा बरीच जास्त दिसते. काही घड्याळे हवामानाची माहिती घेऊन ही तफावत भरून काढण्याचा प्रयत्न करतात. साधी घड्याळे सरळ 'क्षमता घटली' असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः क्षमता घटलेली नसते, ऋतू बदललेला असतो. उष्म्याला सरावण्यास शरीराला साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात.

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये विरळ हवेमुळे असाच परिणाम दिसतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात चढणीमुळे वेगाचा आकडा निरर्थक होतो. तेथे नाडी किंवा श्वासाची जाणीव अधिक उपयोगी पडते. घाटात नियमित सराव करणाऱ्याला हवेच्या दाबावरून उंची मोजणारे घड्याळ लाभदायक ठरते, कारण उपग्रहांवरून काढलेली उंची अंतरापेक्षा अधिक चुकते.

धावपटू जी हवा श्वासात घेतो, ती कशी आहे हे मात्र घड्याळाच्या संवेदकांना कळत नाही. उत्तर भारतातील हिवाळ्यात हा मुद्दा इतर सर्व आकड्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार हवेचा निर्देशांक २०१ ते ३०० असल्यास हवा 'खराब', ३०१ ते ४०० असल्यास 'अत्यंत खराब' आणि त्यापुढे 'गंभीर' समजली जाते. अशा दिवशी घड्याळाने 'आज जोरदार सरावास शरीर सज्ज' असा संदेश दिला, तरी बाहेर न धावणेच इष्ट.

आरोग्याच्या सूचना आणि त्यांच्या मर्यादा

काही घड्याळे हृदयाच्या अनियमित ठोक्यांची सूचना देतात किंवा बोट टेकवल्यावर ईसीजी काढतात. अमेरिकेत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांचा सहभाग असलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली होती. अशी सूचना आल्यास डॉक्टरांकडे जावे, हे योग्यच. पण सूचना आली नाही म्हणून हृदय निरोगी आहे, असा अर्थ काढता येत नाही.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी ही घड्याळे बनवलेली नाहीत. रुग्णालयातील ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो. घड्याळातील ईसीजी केवळ एका बाजूने. धावताना छातीत दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, अकारण दम लागणे, भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास पडद्यावरील नाडी सामान्य असली तरी तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घेणे आवश्यक आहे. चाळिशीनंतर नव्याने धावू लागणाऱ्यांनी, तसेच मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घड्याळाच्या किमतीच्या तुलनेत ही तपासणी स्वस्तच पडते. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर प्रकारची औषधे हृदयगती कमी ठेवतात. ती घेणाऱ्यांना घड्याळाचे नेहमीचे पट्टे लागू पडत नाहीत.

सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे ऑनलाइन बाजारात दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांपासून व अंगठ्यांपासून नागरिकांना सावध केले होते. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा घेतल्यास जिवावर बेतू शकते.

घड्याळाविना धावणे

शिवनाथ सिंह यांनी १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक मिळवला आणि १९७८ मध्ये जालंधर येथे २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदवली. हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. त्या काळी मनगटावर ना उपग्रह होते ना नाडी. म्हणून आजच्या साधनांचा उपयोग नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु धावण्याची प्रगती मुळात नियमित सराव, विश्रांती आणि मोजूनमापून वाढवलेला भार यांतून होते, हे त्यावरून ध्यानात येते.

भार ओळखण्याची साधने विनामूल्यही आहेत. धावताना पूर्ण वाक्ये सहज बोलता येत असतील तर वेग सोपा आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कठीण. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. तीत १३ म्हणजे 'काहीसे कठीण'. धावून आल्यावर त्या दिवसाचा आकडा वहीत लिहिणे, ही आजही प्रशिक्षकांच्या वापरातील पद्धत आहे. मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजावेत व त्यांना चारने गुणावे, म्हणजे नाडीही कळते. अंतरासाठी खिशातील स्मार्टफोन व एखादे मोफत ॲप पुरेसे आहे.

नवख्या धावपटूची नेहमीची चूक म्हणजे सोप्या दिवशीही वेगाने धावणे. या चुकीवर घड्याळ दोन्ही बाजूंनी परिणाम करते. नाडी वाढल्याची सूचना मिळताच वेग कमी करणाऱ्याला ते आवर घालते. याउलट दर किलोमीटरची वेळ पाहून ती कालच्यापेक्षा कमी यावी म्हणून झटणाऱ्याला तेच घड्याळ दुखापतीकडे ढकलते. यंत्र एकच असते. वापरणाऱ्याचा स्वभाव निराळा असतो.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही

ठरावीक अंतराचे वेगवान टप्पे धावणारे, दुसऱ्या शहरातील प्रशिक्षकाला रोजची नोंद पाठवणारे, डोंगरवाटांवर नकाशाच्या आधाराने जाणारे आणि शंभर किलोमीटरसारख्या दीर्घ शर्यतींत उतरणारे यांना खास धावपटूंच्या घड्याळाचा स्पष्ट उपयोग होतो. फोन सोबत नेणे ज्यांना अडचणीचे वाटते, त्यांचीही सोय होते. एकट्याने धावणाऱ्या महिलांना आपले स्थान घरच्यांना थेट कळवणारी सोय आश्वासक वाटते. परंतु अनेक घड्याळांत त्यासाठी फोन जवळ असावाच लागतो, हे खरेदीपूर्वी तपासावे.

धावायला सुरुवात करून तीन महिनेही झाले नसतील, आठवड्यातून दोनदा मैदानाला फेऱ्या मारणे एवढाच बेत असेल किंवा बहुतेक धावणे ट्रेडमिलवर होत असेल, तर घड्याळाची घाई नको. आरोग्यासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मिनिटे मोजायला भिंतीवरचे घड्याळही चालते. अशा धावपटूचा पहिला खर्च पायांच्या मापाच्या चांगल्या बुटांवर व्हावा.

खरेदी करताना

घ्यायचे ठरलेच, तर पुढील बाबी पाहाव्यात. जीपीएस अंगभूत आहे का? जीपीएस सुरू असताना बॅटरी किती तास टिकते? मॅरेथॉनला पाच-सहा तास लागणाऱ्याला कागदावरील दहा तासही कालांतराने अपुरे पडू शकतात, कारण बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते. बटणे आहेत का? पावसात व घामात स्पर्शाचा पडदा दगा देतो. छातीचा पट्टा जोडता येतो का? काही सोयींसाठी मासिक वर्गणी द्यावी लागते का? '५ एटीएम' ही खूण असलेले घड्याळ पावसात व पोहताना चालते. तिचा अर्थ पन्नास मीटर खोल बुडी मारावी, असा नव्हे.

परदेशातील नातेवाइकांकडून मागवलेले घड्याळ स्वस्त पडले, तरी त्याची हमी भारतात लागू आहे का आणि आपल्या शहराजवळ दुरुस्तीची सोय आहे का, हे आधी विचारावे. भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्ट घड्याळांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे; अनोळखी नावाच्या घड्याळावर ती खूण पाहावी. नव्या मालिकेची घोषणा झाली की मागील वर्षीचे प्रारूप स्वस्त होते. अंतर व नाडी मोजण्याच्या बाबतीत दोन लागोपाठच्या प्रारूपांत अनेकदा फारसा फरक नसतो. त्यामुळे मागील प्रारूप हा बहुसंख्य हौशी धावपटूंसाठी शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

नोंदी कोणाच्या ताब्यात?

घड्याळातील नोंदी साधारणतः कंपनीच्या सर्व्हरवर जातात. धावण्याच्या मार्गांचा जागतिक नकाशा 'स्ट्राव्हा' या ॲपने प्रसिद्ध केला होता. त्यातून सैनिकी तळांची ठिकाणे उघड होत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. सामान्य धावपटूच्या बाबतीत हाच धोका घराच्या पत्त्याचा असतो. रोज एकाच दारातून सुरू होणारी रेषा आणि पहाटेची ठरलेली वेळ अनोळखी माणसाला पुष्कळ काही सांगते. घराभोवतीचा भाग नकाशावर झाकण्याची आणि नोंदी केवळ परिचितांपुरत्या ठेवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिच्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद होत्या. महत्त्वाच्या नोंदींची प्रत स्वतःकडे ठेवणे म्हणून श्रेयस्कर. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला. तथापि, कोणती माहिती कोणाला दाखवायची, याचा पहिला निर्णय वापरणाऱ्याच्याच हाती असतो.

निर्णयापूर्वीची चाचणी

खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. चार आठवडे एका वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात : अंतर, लागलेली वेळ, श्रमाचा ६ ते २० मधील आकडा, रात्रीची झोप आणि एखादे दुखणे असल्यास ते. अंतर फोनवरून घ्यावे. महिना संपल्यावर वही उघडून पाहावी. या नोंदींमुळे एखाद्या दिवशी वेग कमी केला, विश्रांती घेतली किंवा सराव बदलला, असे घडले असेल तर आकड्यांचा उपयोग करण्याची सवय त्या व्यक्तीत आहे आणि घड्याळ तिचे श्रम वाचवील. दहा दिवसांतच वही कोपऱ्यात पडली असेल किंवा लिहिलेले पुन्हा वाचलेच गेले नसेल, तर मनगटावरील आकड्यांचेही काही आठवड्यांत तेच होण्याची शक्यता अधिक. अशा व्यक्तीने तूर्त घड्याळ न घेता बूट बांधून बाहेर पडावे. महिन्याभरानंतर वही पुन्हा सुरू करता येते आणि खरेदीचा विचारही.